शहाणीनं कोर्टाची पायरी चढावी का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. वडाप, रिक्षा किंवा अ‍ॅपवरच्या गाडीत अपघात झाला, तर भरपाईचा दावा कोर्टात जातो का?)



‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. घरात कुणाला अपघात झाला की सगळ्यात आधी तीच आठवते. हात प्लॅस्टरमध्ये असतो, दवाखान्याचं बिल वाढत असतं, आणि घरातलं कुणीतरी जाणतं माणूस सांगतं, “मिटवून टाका. कोर्टात गेलात तर नातवंडांच्या लग्नापर्यंत तारखाच चालतील.”

आज या भीतीबद्दलच बोलायचं आहे. आपण भाडं देऊन एखाद्या वाहनात बसलो, म्हणजे वडापच्या जीपमध्ये, शेअर रिक्षात, किंवा मोबाइलवरून बोलावलेल्या गाडीत, आणि अपघातात जखमी झालो, तर भरपाईचा दावा कोर्टात जातो का? गेला तर तिथं काय होतं? आणि कोर्टात जायला नको म्हणून घाईनं मिटवलं, तर आपण नक्की काय गमावतो?

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. ही बाई कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या पुष्कळजणी तुम्हाला माहीत असतील. वय ३८. कागलला राहते. घरचं सगळं बघून ब्लाउज शिवते. गांधीनगरला अस्तर आणि कापड घ्यायला गेली, आणि परतताना वडापमध्ये बसली. हायवेवर वडापची आणि एका टेम्पोची धडक झाली. हिच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. तिसऱ्या दिवशी वडापचा मालक घरी आला. पंचवीस हजार रुपये आणि एक स्टॅम्पपेपर घेऊन. म्हणाला, “ताई, केस करू नका. गरीब माणूस आहे मी. एवढे घ्या आणि सही करा.”

आता या ताईनं काय करावं?

दोन वेगळ्या केसेस

आधी एक गोंधळ दूर करू या. अपघातानंतर दोन वेगळ्या गोष्टी सुरू होतात. पहिली पोलीस केस. निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाला जखमी केलं म्हणून ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला जातो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेखाली नोंदवतात. ही केस सरकार चालवतं. त्यात शिक्षा झाली तर ड्रायव्हरला होते, आपल्या हातात त्यातून सहसा काही पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भरपाईचा दावा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. कोल्हापूर जिल्ह्यासाठी कसबा बावडा रोडवरच्या जिल्हा न्यायालयात त्याचं काम चालतं. इथं कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. झालेलं नुकसान किती आणि ते कुणी भरून द्यायचं, एवढंच ठरवतात. आणि बहुतेक वेळा ते ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तींसाठीचा विमा काढणं मोटार वाहन कायद्यानं सक्तीचं आहे, ते याचसाठी.

म्हणून वडापचा मालक जेव्हा “गरीब माणूस आहे मी” म्हणतो, तेव्हा आपला जीव हळहळतो खरा. पण गाडीचा विमा चालू असेल, परवाना ठीक असेल, तर आपल्या दाव्यानं त्याचं घर बुडत नाही. विम्याचा हप्ता त्यानं भरला आहे तो याच दिवसासाठी.

दोन्ही केसेस वेगळ्या असल्यामुळे एकीचा निकाल दुसरीला बांधून ठेवत नाही. गुन्ह्याच्या केसमध्ये संशयाला जागा न ठेवता पुरावा लागतो. भरपाईच्या दाव्यात ‘असं घडल्याची शक्यता जास्त दिसते’ एवढं पुरतं. ड्रायव्हर तिकडे सुटला म्हणून इकडची भरपाई आपोआप बुडाली, असं होत नाही.

मग कोर्टात जातं का?

थेट उत्तर देते. दावा न्यायाधिकरणाच्या दप्तरी जवळजवळ नेहमीच जातो. पण दप्तरी जाणं वेगळं आणि लढावं लागणं वेगळं. कोर्टाच्या नावानं घाबरताना या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि अपघात भरपाईचे बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार कागदपत्रं न्यायाधिकरणापर्यंत पोचवणं ही पोलिसांचीच जबाबदारी आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत त्यांनी न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. हा अहवाल आला की न्यायाधिकरणानं त्यालाच भरपाईचा अर्ज समजावं, असं कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात हे सगळं नीट पाळलं जावं म्हणून देशभरासाठी सूचना दिल्या.

म्हणजे आपण काही न करताही आपलं नाव तिथं पोचू शकतं. पण ‘पोचू शकतं’ आणि ‘पोचलं’ यांत फरक आहे. म्हणून स्वतःचा अर्जही करावा. तो अपघात झाला तिथं करता येतो, आपण राहतो तिथं करता येतो, किंवा समोरचा राहतो तिथंही. पुण्याला लेकीकडे गेला असताना रिक्षाचा अपघात झाला, तरी दावा कोल्हापुरात करता येतो.

मुदत मात्र लक्षात ठेवा. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, आणि फक्त मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. म्हणून उशीर झाला असेल तरी हातपाय गाळू नका, वकिलाला विचारा. पण ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी सहा महिन्यांच्या आतच अर्ज करावा.

तीन दारं

दावा न्यायाधिकरणात गेला की त्याच्यापुढे तीन दारं असतात.

पहिलं दार विमा कंपनीच्या प्रस्तावाचं. अपघाताची माहिती मिळाली की कंपनीनं एक अधिकारी नेमायचा, आणि त्यानं तीस दिवसांत किती रक्कम देणार ते न्यायाधिकरणासमोर सांगायचं. आपल्याला ती पटली, तर न्यायाधिकरण तशी नोंद करतं आणि संमतीनं दावा संपतो. त्यानंतर तीस दिवसांच्या आत कंपनीनं पैसे द्यायचे. बघा, इथं मिटवलंच. पण न्यायाधीशाच्या नजरेखाली मिटवलं. पटली नाही, तर ‘नको’ म्हणायचं. मग सुनावणीची तारीख लागते.

दुसरं दार लोकअदालतीचं. वर्षातून काही वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते आणि अपघाताचे दावे तिथं मोठ्या संख्येनं ठेवतात. दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, मध्ये पंच असतात, रक्कम ठरते. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. पण त्यावर अपील नाही. म्हणून तिथं सही करताना ‘नंतर बघू’ म्हणून चालत नाही.

तिसरं दार सुनावणीचं. साक्ष, उलटतपासणी, डॉक्टरांचा पुरावा आणि निकाल. यालाच आपण ‘केस लढणं’ म्हणतो. यात वेळ जातो, हे खरं आहे. पण भरपाईच्या रकमेवर अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हेही तितकंच खरं.

भांडण कशावरून होतं?

दावा तिसऱ्या दारापर्यंत केव्हा जातो? विमा कंपनीला ‘नाही’ किंवा ‘एवढे नाही’ म्हणायला जागा मिळते तेव्हा. अशा जागा मुख्यतः चार.

पहिली जागा: चूक कुणाची? वडापवाला म्हणतो टेम्पोची, टेम्पोवाला म्हणतो वडापची. इथं प्रवाशाची बाजू भक्कम असते. आपण स्टिअरिंगवर नव्हतो. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली, तर जखमी माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली खेनेई खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्यांनी आपापसात काय वाटणी करायची ते त्यांचं ते बघतील. म्हणून अर्जात दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या यांची नावं घालायची.

दुसरी जागा: परवाना आणि लायसन. वडापच्या धंद्यात हा कळीचा मुद्दा आहे. काळ्या-पिवळ्या जीपला प्रवासी वाहतुकीचा परवाना असतो, विम्यातही प्रवासी धरलेले असतात. पण पांढऱ्या नंबरप्लेटची घरगुती गाडी भाड्यानं फिरत असेल, तर विमा कंपनी म्हणते की विम्याची अट मोडली, आम्ही देणार नाही. अशा वेळी अनेक खटल्यांत न्यायालयांनी ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश दिला आहे. परवानाच नसलेल्या ट्रकच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच केलं. पण हा आदेश प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, आणि मिळवायला लढावं लागतं. म्हणून बसतानाच नंबरप्लेट बघायची सवय लावा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याचं वाहन. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या वाहनाला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये बाइक टॅक्सीचे नियम केले, ते विजेवरच्या दुचाकींसाठी आहेत. पांढऱ्या पाटीच्या मोटरसायकलवर भाडं देऊन मागं बसलात, तर अपघातानंतर भांडण ठरलेलंच.

तिसरी जागा: जादा माणसं. वडाप म्हटलं की दाटीवाटी आलीच. मागं पाय लटकवून उभी असलेली पोरं आपण रोज बघतो. जितक्या प्रवाशांचा विमा, तितक्यांपुरतीच कंपनीची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये अंजना श्याम खटल्यात ठरवलं. त्या बसमध्ये ४२ जणांची परवानगी होती आणि नव्वदच्या आसपास माणसं होती. न्यायालयानं सांगितलं की सगळ्यात मोठ्या रकमेचे ४२ निवाडे धरून त्यांची बेरीज कंपनीनं भरायची, आणि ती सगळ्यांत प्रमाणात वाटायची. उरलेलं मालकाकडून घ्यायचं. म्हणजे जीपमध्ये घुसलेलं प्रत्येक जादा माणूस आपल्या भरपाईतला घास कमी करतं. पुढच्या वेळी ड्रायव्हर “ताई, सरका की जरा” म्हणाला, तर हे आठवू द्या.

अ‍ॅपवरच्या गाडीचं थोडं वेगळं आहे. तिथं ड्रायव्हर एक, गाडीचा मालक कधी दुसराच, आणि वर कंपनी. कंपनीचं म्हणणं बहुधा असं असतं की आम्ही फक्त गिऱ्हाईक आणि ड्रायव्हर यांची गाठ घालून देतो. आपण त्या वादात अडकून पडायचं नाही. गाडीचा विमा ज्या कंपनीकडे आहे तिच्याकडूनच मुख्य भरपाई मागायची, आणि अ‍ॅपच्या कंपनीलाही दाव्यात पक्षकार करायचं की नाही ते वकिलाबरोबर ठरवायचं. काही अ‍ॅप प्रवाशांसाठी वेगळा अपघात विमा काढतात. त्यासाठी अ‍ॅपमध्ये लगेच तक्रार नोंदवावी लागते, म्हणून प्रवासाची नोंद, पावती आणि ड्रायव्हरचं नाव दिसणारा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

चौथी जागा: बाईच्या हाताची किंमत

सगळ्यात जास्त भांडण होतं ते रकमेवरून. आणि इथंच बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आपल्या ताईचंच बघा. मालकानं आणलेले पंचवीस हजार कशाचे? दवाखान्याच्या बिलाचे. पण मनगट पूर्वीसारखं वळलं नाही तर? शिलाई मशीनवर तासन्‌तास बसता आलं नाही तर? पिठाचा डबा उचलता आला नाही, कपडे पिळता आले नाहीत, आजारी सासूला आधार देऊन उठवता आलं नाही तर? त्याची किंमत त्या स्टॅम्पपेपरवर कुठंच नाही.

न्यायाधिकरणात ती धरता येते. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सांगितलं आहे की डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्वाचे टक्के जसेच्या तसे उचलायचे नाहीत. त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. डावा हात गमावलेला कारकून कदाचित नोकरी टिकवू शकेल, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. म्हणून शिवणकाम करणारीचं उजवं मनगट आणि इतर कुणाचं मनगट यांची भरपाई सारखी नसते.

हिशेब कसा होतो तेही बघू. समजा, ताईची महिन्याची कमाई १२ हजार धरली. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवले, झाले १६ हजार ८००. वर्षाचे २ लाख १ हजार ६००. ३८ वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे १५ नं गुणायचं. कमाईची ताकद २० टक्के घटली असं ठरलं, तर येतात ६ लाख ४ हजार ८००. दवाखान्याचा खर्च, पुढचे उपचार, सोसलेल्या वेदना, घरी मदतीला ठेवलेल्या बाईचा पगार आणि येण्याजाण्याचा खर्च हे सगळं वेगळं. हा आकडा निव्वळ उदाहरणाचा आहे. प्रत्येकीचा वेगळा येईल, वाढीचे टक्के धरण्यावरूनही वकील वाद घालतील. पण पंचवीस हजार आणि सहा लाख यांच्यामधलं अंतर बघा. कोर्टाची पायरी न चढण्याची ही किंमत असते.

“पण मी तर काहीच करत नाही, घरीच असते,” असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी आता सांगते. तुम्ही ‘काहीच करत नाही’ हे न्यायालयांना मान्य नाही. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाची किंमत महिन्याला ३ हजार धरली होती. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचा आधार निकालात आहे. बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्या पाहणीत दिसलं. गृहिणीचं मानीव उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या कष्टाला मान देणं आहे, आणि त्यात पुढची वाढसुद्धा धरायची, असं न्यायालयानं म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरताच येणार नाही.

म्हणून अर्जात ‘व्यवसाय: काही नाही’ असं कुणालाही लिहू देऊ नका. ‘गृहिणी’ लिहा. शिवण, पापड, दुधाचा रतीब, दुसऱ्याच्या शेतावरची भांगलण, जे काय करता ते सगळं लिहा. गिऱ्हाइकांच्या मापांची वही, डेअरीची पावती, बचत गटाची नोंद, मोबाइलवर आलेले पैसे, हा सगळा पुरावा आहे.

सही करण्याआधी

आता त्या स्टॅम्पपेपरकडे परत येऊ. तीन गोष्टी सांगते.

एक, जखम पूर्ण बरी झाल्याशिवाय, निदान पुढं काय होणार हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, कुठल्याही रकमेवर शेवटची सही करू नका. मनगट, गुडघा, कंबर यांचं खरं रूप प्लॅस्टर निघाल्यावर कळतं.

दोन, दवाखान्याच्या खर्चाला मालकानं पैसे दिले तर घ्यायला हरकत नाही. पण फक्त ‘औषधोपचारासाठी एवढे मिळाले’ अशी पावती द्या. ‘माझी काही तक्रार नाही, यापुढं काही मागणार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली, तर विमा कंपनीचा वकील पुढं तोच कागद तुमच्यासमोर धरेल.

तीन, कायद्यात चुकीचा वाद न घालता मिळणारी ठरावीक रक्कम आहे. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. लवकर मिळते म्हणून ही रक्कम मोहात पाडते, आणि लहान दुखापतीत ती योग्यही असू शकते. पण ती स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. आपल्या ताईनं आधी सहा लाखांचा हिशेब करून बघावा, मग अडीच लाखांचा विचार करावा.

पहिले काही दिवस

दावा पुढं सोपा जाणार की भांडणाचा होणार, हे बरंचसं पहिल्या आठवड्यात ठरतं. म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

अपघात झाला की १०८ ला फोन. आपण सीपीआरला गेलो किंवा खासगी दवाखान्यात, डॉक्टरांना ‘रस्त्यावरचा अपघात’ असंच सांगायचं आणि तशी नोंद करायला लावायची. “घरात पडले म्हणून सांगा, पोलीस नकोत,” असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं ते शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची मे २०२५ पासूनची योजना आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्याबद्दल दवाखान्यात विचारा.

दोन्ही गाड्यांच्या नंबरांचा फोटो काढा. स्वतःला जमत नसेल तर शेजारच्या प्रवाशाला सांगा, आणि त्याचा फोन नंबर घ्या. तोच पुढं साक्षीदार. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं. फिर्याद लवकर द्या. जखमी असल्यामुळे उशीर झाला तर तेवढ्यावरून दावा बुडत नाही, पण उशिराचं कारण सांगावं लागतं.

त्यानंतर एक पिशवी करा. तिच्यात सगळं जाऊ द्या. केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिलं, फिजिओथेरपीची पावती, दवाखान्याला जायच्या रिक्षाचे पैसे लिहिलेली वही. उपचार संपल्यावर सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला घ्या. घरच्या मेडिक्लेममधून बिल भागलं असेल तरी ते लपवायचं कारण नाही. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे. आपण हप्ते भरले म्हणून तो विमा मिळाला, त्याचा फायदा अपघात करणाऱ्याला कशाला?

वकील आणि पैसे

“वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू?” हा प्रश्न खरा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. उत्पन्न किती, नवरा नोकरीला आहे का, हे तिथं आडवं येत नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं साध्या कागदावर अर्ज करायचा. वकील मिळतो आणि कोर्टाचा खर्चही भागतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते.

खासगी वकील केला तर फी आधी ठरवा आणि पावती घ्या. “फी नको, भरपाईतला चौथा हिस्सा द्या,” असा सौदा करायला वकिलांना त्यांच्याच आचारनियमांनी मनाई आहे.

आणि बँकेत स्वतःच्या नावाचं खातं हवं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई थेट जखमीच्या खात्यात जमा करण्याबद्दल सूचना दिल्या आहेत. हात तुमचा मोडला, तर पैसेही तुमच्या खात्यात यायला हवेत. दिराच्या किंवा एजंटाच्या खात्यात नाहीत.

निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. वादातली रक्कम मात्र एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं आता तिथं चालतात. रातराणीनं मुंबईला जायचा आणि तिथं राहायचा खर्च वाचला.

मैत्रिणींनो, मिटवणं वाईट नाही. पुष्कळ दावे मिटतात आणि मिटावेतही. पण ते मिटवायची जागा आपली ओसरी नाही आणि वेळ तिसरा दिवस नाही. जखम बरी होऊ द्या, हिशेब करा, कागदांची पिशवी घ्या, सोबत कुणाला तरी घ्या, आणि कसबा बावड्याच्या त्या पायऱ्या चढा. वर गेल्यावर कदाचित पहिल्याच दारातून परत याल. पण येताना आपल्या हाताची खरी किंमत घेऊन याल.